घरातील चित्रपट आणि स्वत्वाचा प्रश्न

आमच्या मातोश्रींनी १९७७ साली, लग्नाला वर्ष पुरे होण्यापूर्वी, मडगावच्या एका चित्रगृहात ‘जैत रे जैत’ पाहिला. त्यानंतर तो त्यांच्या दृष्टीस पडला नव्हता. मध्यंतरी घरात दूरदर्शन आले, कॅसेटी आल्या, तबकड्या आल्या, आणि अखेर ज्यास स्ट्रीमिंग म्हणतात तेही आले. परंतु हा चित्रपट काही योगायोगाने आला नाही. दोन वर्षांमागे ज्या सेवेची वार्षिक वर्गणी आम्ही भरीत होतो तिच्या यादीत तो एके दिवशी दिसला. मातोश्रींनी अर्धा पाहिला, तिन्हीसांजा झाल्या म्हणून देवाजवळ दिवा लावण्यास उठल्या, आणि राहिलेला चतुर्थीचा पसारा आवरल्यावर पाहू म्हणाल्या. चतुर्थी झाली, पाहुणे परतले, आणि आम्ही यंत्र लावून पाहतो तो चित्रपट यादीतून नाहीसा झालेला!

‘‘खंय गेलो तो?’’ त्यांनी विचारले. सेवा चालविणाऱ्यांचा मूळ मालकाशी झालेला करार संपला असावा, असे आम्ही सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तुवें पयशे दिल्ले न्हय रे? मागीर तो तुजो न्हय?’’

वीस वर्षांहून अधिक काळ वकिली करून या प्रश्नाला न्यायालयात देता येईल असे उत्तर आमच्याजवळ होते. घरात, आईसमोर देता येईल असे मात्र नव्हते. पुढे जे लिहीत आहो ते त्या न दिलेल्या उत्तराचे चिंतन समजावे.

न्यायालयीन उत्तर सोपे आहे. जत्रेच्या फेरीत मिठाईवाला पैसे भरून देवळासमोरची चार हात जागा घेतो. तेवढ्याने ती भूमी त्याची होत नाही. जत्रा संपली की छप्पर उतरवून त्याने निघावे, हेच ठरलेले असते. कोमुनिदादीची शेते आमचे पूर्वज मुदतीने कसण्यास घेत. त्यातील पीक त्यांचे असे, शेत गावाचे असे. कायद्याच्या भाषेत हा परवाना किंवा उपभोगाचा हक्क होय, स्वामित्व नव्हे. स्ट्रीमिंगची वर्गणी भरणारा गृहस्थ त्या मिठाईवाल्याच्याच पंक्तीत बसतो. फरक इतकाच की मिठाईवाल्यास जत्रा कधी संपणार हे ठाऊक असते.

पण एवढ्याने समाधान होत नाही. गौतमाच्या धर्मसूत्रात स्वामित्व कशाने उत्पन्न होते याची गणना आहे: वारसा, खरेदी, वाटणी, निर्मालक वस्तूचा स्वीकार आणि सापडलेल्या निधीची प्राप्ती, याखेरीज वर्णपरत्वे आणखी काही. पुढे विज्ञानेश्वराने मिताक्षरेत असा पक्ष मांडला की, स्वत्व ही वस्तू लौकिक आहे. ती केवळ शास्त्रवचनावरून कळणारी नव्हे, लोकांच्या व्यवहारातून सिद्ध होणारी आहे. हा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा. ते कल्याण आज बीदर जिल्ह्यात मोडते, आणि हैदराबादकडील आमच्या वाचकांना ते दूर वाटू नये. त्याचा पक्ष मान्य करावयाचा तर ‘पैसे दिले, म्हणून ते माझे’ ही एका वृद्ध गृहिणीची समजूत अज्ञान म्हणून झटकून टाकता येत नाही. लोक कशास स्वत्व मानतात याचा तो पुरावाच होय! आणि विक्रेतेही त्याच लौकिक समजुतीवर व्यापार करीत असतात. वर्गणीवाचून एकेक चित्रपट ‘विकत’ देणाऱ्या सेवांच्या पडद्यावर ‘खरेदी करा’ अशी कळ असते. करारपत्राच्या कोठल्यातरी कोपऱ्यात मात्र ‘हा केवळ परवाना आहे’ असे वाक्य बारीक अक्षरात निजलेले असते.

हे निजलेले वाक्य कधी कधी जागे होते. २००९ च्या जुलैत अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. त्या प्रती देणाऱ्यास ती पुस्तके विकण्याचा हक्क नव्हता, हे कारण खरे होते, पैसेही परत मिळाले. तरीपण रात्री घरात शिरून कपाटातले पुस्तक नेणे आणि उशाशी पैसे ठेवून जाणे यास कोणी खरेदी रद्द करणे म्हणत नाही. त्या दोहोंपैकी एक पुस्तक ‘१९८४’ हे होते, हा दैवाचा विनोद. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला: अशा व्यवहारात ‘खरेदी’ हा शब्द वापरावयाचा असेल तर मिळते आहे ते स्वामित्व नसून परवाना आहे, हे ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे. कायद्याने वस्तू बदलली नाही, शब्द तेवढा शुद्ध केला. आमच्या मते तेही थोडे नव्हे. अस्तेयाआधी सत्य येते, हा यमांचा क्रम काही उगीच नाही.

येथे एक अवांतर. २०२३ साली नेटफ्लिक्सने एक खाते एकाच घराने वापरावे असा दंडक भारतातही लागू केला. हे ‘घर’ म्हणजे काय? हिंदू कायद्यातले एकत्र कुटुंब अन्न, उपासना आणि मिळकत या तिन्हींत एक असते. पुण्यास शिकणारा मुलगा चुलीपासून शंभर कोस दूर असला तरी कुटुंबाबाहेर जात नाही. कंपनीच्या व्याख्येत एक चूल नाही, एक इंटरनेटची जोडणी आहे. मालकाने आपल्या मालाच्या अटी ठरवाव्या हे खरे. तथापि कुटुंबाची व्याख्या आता कोण करतो आहे इकडे आमच्या समाजशास्त्रज्ञांचे लक्ष गेले तर बरे.

असो. मातोश्रींच्या प्रश्नाचा आम्हावर जो पहिला परिणाम झाला तो तात्त्विक नव्हता. बेळगावास एका कामानिमित्त गेलो असता जुन्या तबकड्या विकणाऱ्या एका दुकानात आम्ही शिरलो, आणि ‘जैत रे जैत’ची एक धुळकट तबकडी घेऊन आलो. मग घरातील माळ्यावरच्या पेटाऱ्यातून अशा तबकड्या निघाल्या की ज्यांचा आम्हास विसर पडला होता: प्रभातचे चित्रपट, राजा परांजपे यांचे चित्रपट, हिंदीतील बरेच, आणि लग्नात कोणी आहेर म्हणून दिलेले इंग्रजी. काहींवर बुरशीचे ठिपके होते. आमच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने काय काय खातात ते गोवेकरास सांगावयास नको. त्या सर्व संगणकावर उतरवून ठेवाव्या आणि घरचे एक चित्रगृह उभारावे, असा संकल्प सोडला.

याचे यंत्रशास्त्र थोडक्यात असे. घरातील एक जुना संगणक कोपऱ्यात चालू ठेवावयाचा, त्यास चार टेराबाइटची हार्ड डिस्क जोडावयाची, आणि त्यावर असे सॉफ्टवेअर बसवावयाचे की जे त्या डिस्कवरील चित्रपट ओळखील, त्यांची सूची करील आणि घरातील दूरदर्शनसंचास किंवा भ्रमणध्वनीस मागेल तेव्हा पुरवील. म्हणजे स्ट्रीमिंगच, पण त्याचा उगम परदेशी नसून माजघरात. प्लेक्स, कोडी, जेलीफिन अशी या सॉफ्टवेअरांची नावे आहेत. आम्ही जेलीफिन घेतले. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरची अंतर्रचना लोकांस खुली होती ती तिच्या चालकांनी बंद केली, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात काही जणांनी जुन्या खुल्या संहितेवरून ही नवी शाखा काढली. तिला मोल नाही. चित्रपट दाखविणारे व्हीएलसी हे प्रसिद्ध सॉफ्टवेअरही असेच. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेले, आणि आजतागायत फुकट. ज्या व्यवहारात एकेका प्रतीसाठी कज्जे होतात त्याच्याच शेजारी ही अन्नछत्रे चालू आहेत, हे आम्हास मोठे नवल वाटते.

सूची करण्याचे काम वाटते तितके निर्बुद्ध नाही. प्रत्येक चित्रपटाच्या धारिकेला त्याचे नाव आणि कंसात साल द्यावे लागते. साल न दिल्यास काय होते याचा अनुभव पहिल्याच आठवड्यात आला. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३), राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा पहिला चित्रपट, आम्ही नुसत्या नावाने ठेवला. सॉफ्टवेअरने इंटरनेटवरील सूचीत शोध घेतला आणि २०२३ साली निघालेल्या त्याच नावाच्या चित्रपटाचे भित्तिचित्र व नटसंच त्यास चिकटवून दिला. ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘तुकाराम’ (२०१२) यांची हीच गत. कोंकणी चित्रपटांचे तर विचारूच नका. ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) यांचा तपशील आम्ही हातानेच भरला. ज्या दिग्दर्शकाने ‘निर्मोण’ केला त्यानेच १९६७ साली ती कथा हिंदीत ‘तकदीर’ म्हणून आणली, ही नोंद करताना आम्हास जो आनंद झाला तो एखादी अवघड साक्ष उलटल्यावरही होत नाही.

आता कायद्याचा मुद्दा. तबकडीवरील चित्रपट कुलूपबंद असतो. ते कुलूप १९९९ साली नॉर्वेतील पंधरा वर्षांच्या एका मुलाने, यॉन लेक योहान्सेन याने, दोन साथीदारांसह उघडून दाखविले. त्याच्यावर खटला झाला, आणि २००३ साली खालच्या व वरच्या दोन्ही न्यायालयांनी त्यास निर्दोष सोडले. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या यंत्रावर पाहण्यासाठी उघडणे हा गुन्हा नव्हे, असा त्याचा मथितार्थ. त्यापूर्वी १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, घरी दूरदर्शनवरील कार्यक्रम टिपून नंतर पाहणे न्याय्य ठरविले होते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी व वैयक्तिक उपयोगासाठी केलेला वाजवी व्यवहार हा हक्कभंग नाही असे म्हटले आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात केलेला साठाही त्यात धरला आहे. त्याच दुरुस्तीने कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप मोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद. भर ‘हेतूने’ या शब्दावर आहे. आमच्या मते आपली तबकडी आपल्या घरात पाहण्यासाठी उतरवून ठेवणारा या कलमाच्या कचाट्यात सापडू नये.

परंतु कायदा जेथे संपतो तेथे आमची खरी परीक्षा झाली. आमचे हे उद्योग ऐकून एका स्नेह्याने आपली हार्ड डिस्क आणून दिली. तीत सहाशेवर चित्रपट होते. एकही विकत घेतलेला नव्हता, सर्व इंटरनेटवरून उतरविलेले. ‘‘वकीलसाहेब, तुमचे देऊळ बांधून झाले, आता मूर्ती घ्या,’’ असे ते हसत म्हणाले. ती डिस्क तीन दिवस आमच्या टेबलावर होती. पहिल्या दिवशी आम्ही तिला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ‘नुसती नावे पाहू’ म्हणून लावली. त्यात दोन चित्रपट असे होते की ते आम्ही दहा वर्षे शोधीत होतो, आणि कोठल्याही दुकानात वा सेवेवर पैसे देऊनही मिळत नव्हते. त्या रात्री आम्ही स्वतःशी जो युक्तिवाद केला तो एखाद्या अशिलाने आमच्याजवळ केला असता तर त्याचे वकीलपत्र आम्ही घेतले नसते. जे विकत मिळतच नाही त्याच्या चोरीने कोणाचे नुकसान? जे मालकाने टाकून दिले ते निर्मालक नव्हे काय? गौतमालाही आम्ही साक्षीस ओढले. परंतु निर्मालक आणि विक्रीस न काढलेले या दोन गोष्टी एक नव्हेत; शेजाऱ्याने पडीक ठेवलेले भाट शेजाऱ्याचेच असते, हे आम्ही याच हाताने कितीतरी दाव्यांत लिहिले आहे. तिसऱ्या दिवशी डिस्क परत केली. परत करताना आम्हास काही सात्त्विक समाधान वगैरे झाले नाही. ते दोन चित्रपट अद्याप पाहावयाचे राहिले आहेत, आणि त्याची चुटपुट आहे.

अस्तेयाची बाजू अशी कशीबशी सांभाळली. पण योगशास्त्रातल्या यमांत शेवटचा आहे अपरिग्रह, आणि तेथे आमचा पुरा पराभव झाला. आमच्या तबकड्या, नंतर विकत घेतलेल्या आणि मित्रांनी आपल्या माळ्यावरून काढून देऊन टाकलेल्या धरून, पाचशेच्या घरात गेल्या. एक चित्रपट सात गिगाबाइट धरला तर चार टेराबाइटमध्ये साधारण पावणेसहाशे मावतात. दर रविवारी एक पाहिला तर अकरा वर्षे लागतील. हा हिशेब आम्ही मांडला तो कौतुकाने. आणि मग ध्यानात आले की मागील तीन महिन्यांत आम्ही एकही चित्रपट पाहिलेला नाही! रोज रात्री जेवण झाल्यावर बसत होतो, पण भित्तिचित्रे बदलण्यास, साले तपासण्यास, दिग्दर्शकांची नावे देवनागरीत घालण्यास, ‘पौराणिक’ आणि ‘संतपट’ हे दोन वर्ग निराळे असावेत की नाही यावर स्वतःशीच वाद घालण्यास. भांडारी जेवावयाचे विसरला होता.

त्या अवस्थेचे आम्ही थोडे निरीक्षण केले. संग्रह करताना जे सुख होते ते चित्रपटाचे सुख नसते. ते चित्रपट केव्हाही पाहता येईल या जाणिवेचे सुख असते. आणि ‘केव्हाही’ या शब्दाचा स्वभाव असा की तो ‘आज’ला जवळ येऊ देत नाही. आमचे वडील तरुणपणी चित्रपट पाहण्यासाठी दोन कोस चालत जात आणि रात्री तितकेच परत येत. एकदाच पाहिलेल्या चित्रपटातील प्रसंग ते चाळीस वर्षांनी सांगत. तेव्हा पूर्वीचे लोक रसिक आणि आम्ही लोभी, असे म्हणावे काय? तसे म्हणण्याचा मोह आवरावा. वडिलांना ते प्रसंग लक्षात ठेवावे लागले, कारण पुन्हा पाहावयास मिळण्याची आशा नव्हती; दुर्भिक्षाला सद्गुण म्हणणे हा श्रीमंतांचा छंद आहे. त्यांनी आमची ही यंत्रे पाहिली असती तर पहिल्या रात्री चार चित्रपट पाहिले असते असे आम्हास खात्रीने वाटते.

मातोश्रींची गोष्ट निराळी. त्यांना ‘जैत रे जैत’ अखेर लावून दिला. संचावर भित्तिचित्र आले, कलावंतांची नावे आली, सालही बरोबर होते. त्यातले काहीही त्यांनी पाहिले नाही. चित्रपट सुरू झाला, पूर्वी पाहिलेला भाग आला तेव्हा त्यांनी ‘हें पळयलां’ म्हटले, आणि पुढील नवा भाग सुरू होताच त्यांस झोप लागली. जाग आल्यावर म्हणाल्या, गाणी तेवढी परत लाव. गेले वर्षभर त्या गाणीच ऐकतात. सत्तेचाळीस वर्षे त्या कशाची वाट पाहत होत्या ते आम्हास अद्याप नीट उमगलेले नाही.

तर मग संग्रह करणे हे व्यर्थ म्हणावे? येथे आम्ही थबकतो. १९३१ चा ‘आलम आरा’, भारताचा पहिला बोलपट, आज कोठेही उपलब्ध नाही; त्याची एकही प्रत सापडलेली नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) काही भागच उरला आहे. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले नसते, आणि पी. के. नायर यांच्यासारखा एक मनुष्य गावोगाव, भंगारवाल्यांच्या आणि मालकांच्या दाराशी जाऊन फितींची डबडी गोळा करीत हिंडला नसता, तर उरले आहे तेही उरले नसते. त्याच पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिती मोठ्या संख्येने जळाल्या. नायट्रेटची फीत पेटली की पाण्याखालीही विझत नाही. नायर यांना अपरिग्रहाचा उपदेश कोणी करावा?

आपल्या परंपरेतही याचे उत्तर एकेरी नाही. अपरिग्रह सांगणाऱ्या याच परंपरेने ग्रंथाची नक्कल करवून ती दान देणे हे पुण्यकर्म मानले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या दानखंडात विद्यादानाचा जो विस्तार आहे त्यात पुस्तक लिहवून देण्याचा विधी सांगितला आहे. पोथीला वाळवी लागते, पाणी लागते. नक्कल होत राहिली तरच ती जगते. आजचे संगणकवाले सांगतात की प्रती तीन असाव्या, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. आमच्या मठांनी आणि भटजींच्या घरांनी हेच शतकानुशतके केले. तेव्हा नक्कल हे पुण्य होते, आता नक्कल हा अपराध आहे. काय बदलले? आमच्या मते एवढेच की पोथीच्या नकलेला श्रम पडत, आणि त्या श्रमामुळे नकलांची संख्या आपोआप आवरलेली राही. आज नकलेला श्रम नाही. म्हणून मूळ कर्त्याच्या श्रमाचे मोल राखण्याचे काम कायद्याला करावे लागते. ते तो कधी जाचकपणे करतो, पण कारण खोटे नाही.

हा सर्व विचार ऐन कसोटीस लागला तो आमच्या ग्रामदेवतेच्या सभामंडपात. गतवर्षी गोकुळाष्टमीस समितीने ठरविले की रात्री सभामंडपात मोठा पडदा लावून एक नवा भक्तिपट दाखवावा. तिकीट नाही, प्रसाद आहे. आमच्या घरी वर्गणीची सेवा आहे, संगणक आहे, तेव्हा ‘वकीलसाहेब, तुमचेच लावा’ असा निरोप आला. आम्ही नकार दिला. घरची वर्गणी घरापुरती. तीनशे माणसांसमोर दाखविणे हे प्रयोग करणे होय आणि त्यास मालकाची परवानगी हवी, असे सांगितले. सभेत एक वयोवृद्ध महाजन उठले. ते म्हणाले, देवाच्या दारात कसला कॉपीराइट? दरवर्षी जत्रेला आपली मुले नाटक करतात, त्या वेळी कोणी विचारतो काय?

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तरही कायद्यातच आहे, हे सभेतील पुष्कळांस ठाऊक नव्हते. कलम ५२ असे म्हणते की हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ, केलेला नाटकाचा प्रयोग हक्कभंग नव्हे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात म्हटलेली गीते, लावलेल्या ध्वनिमुद्रिका यांनाही मोकळीक आहे. पण या दोन्ही सवलतींत चित्रपटाचे नाव नाही. भेद अन्यायाचा वाटेल. आम्हास तो समंजस वाटतो. जत्रेच्या नाटकात गावचा शिंपी राजा होतो, पोस्टमन विदूषक होतो, महिनाभर तालमी होतात. लेखकाच्या शब्दांत गावाचा श्रम मिसळतो, आणि देवापुढे ठेवला जातो तो तो श्रम. पडद्यावर कळ दाबून दुसऱ्याचा पुरा तयार श्रम देवापुढे ठेवण्यात आपले काय आहे?

आम्ही त्या महाजनांस एवढेच विचारले की, देवाच्या नारळीच्या बागेत कोणी शिरून, ‘पाडलेले नारळ मी गणपतीलाच वाहणार आहे’ म्हणाला तर आपण काय कराल? देवळाची मिळकत देवाची; कायदा देवास मालक मानतो आणि महाजन तिचे केवळ व्यवस्थापक. १९३३ च्या महाजनांच्या नियमसंग्रहापासून आपण सर्व याच नात्याने येथे बसलो आहोत. दुसऱ्याची वस्तू सांभाळणे म्हणजे काय हे आपणास कळत नसेल तर कोणास कळावे? ते काही बोलले नाहीत. बाहेर पडताना मात्र कोणीतरी ‘वकील म्हणजे खुसपट’ असे म्हटलेले आमच्या कानी आले.

तोडगा निघाला तो आमच्या त्या सूचीतून, जिच्यापायी तीन महिने दवडले होते. ‘पौराणिक’ या वर्गात सालांच्या क्रमाने पाहता वरच्या अंगाला एक नाव होते: फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, १९१९. मूकपट, आणि बराचसा उरलेला. चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो. फाळके १९४४ साली वारले, तेव्हा कर्त्याच्या आयुष्यावरून मोजली जाणारी साठ वर्षेही कधीच सरली आहेत. तो आता कोणाचा नाही, म्हणजे सर्वांचा आहे. त्यात बालकृष्णाची भूमिका फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. समितीस शंका होती की मुकी, काळी-पांढरी, शंभर वर्षांपूर्वीची फीत आजची मुले पाहतील काय. आम्हासही होती.

अष्टमीच्या रात्री पडदा लागला. आवाज नाही म्हणून आमच्या भजनी मंडळाने पेटी आणि पखवाज घेतला, आणि चित्रपट चालू असता त्यावर जे सुचेल ते वाजविले. पाट्या आल्या की एक शिक्षक त्या मोठ्याने मराठीत सांगत, आणि मागून बायका त्याच कोंकणीत एकमेकींस. मुले पहिली काही मिनिटे हसत होती. कृष्णाने डोहात उडी घेतली तेव्हा पखवाजवाल्याने हात उचलला तो उचललेलाच ठेवला, आणि सभामंडपात कोणी बोलेना.

मातोश्री खांबाला टेकून बसल्या होत्या. परत येताना वाटेत त्यांनी विचारले, ‘‘आनी हो कोणाचो?’’